दात काढणारे आहेत, राखणारे कुठे?

चष्म्याचा नंबर वाढला तर कुठे जायचे आणि मोतीबिंदू झाला तर कुठे जायचे, हे खेड्यातल्या आजीलाही ठाऊक असते. नंबर काढणारा माणूस वेगळा आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वेगळे, हा फरक लोकांच्या अंगवळणी पडला आहे. दातांच्या बाबतीत मात्र एकच शब्द चालतो : दाताचा डॉक्टर. दाढ किडली, हिरडीतून रक्त आले, मुलाचे दात वेडेवाकडे आले, आजोबांना कवळी बसवायची आहे, तोंडात पांढरा चट्टा उठला, दुचाकीवरून पडून जबडा मोडला; सगळ्याला दाताचा डॉक्टर. आणि त्याच्याकडेही जायचे ते दुखण्याने रात्रीची झोप उडवल्यावर. आधी लवंगेच्या तेलाचा बोळा, मग औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी आणि दोन्ही उपाय थकले की दवाखाना. तोवर दात वाचवण्याची वेळ अनेकदा निघून गेलेली असते.

याला फक्त आळस म्हणून चालणार नाही. तोंडाच्या आरोग्यासाठी वेगवेगळ्या शिक्षणाची, वेगवेगळ्या अधिकारांची माणसे काम करतात, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. त्यातून दोन तोटे होतात. चुकीच्या माणसाच्या हाती तोंड जाते, हा पहिला. ज्या माणसाची गरज सर्वांत जास्त आहे, तो आपल्याकडे जवळपास नाहीच, हे कुणाच्या लक्षातही येत नाही, हा दुसरा. दुसरा तोटा अधिक मोठा आहे.

भारतात दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्याने एक नव्हे, तीन व्यवसाय मान्य केले. पहिला दंतवैद्य. दुसरा डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दातांवरचे किटण काढून ते स्वच्छ करणारा आणि तोंडाची निगा कशी राखायची ते शिकवणारा. तिसरा डेंटल मेकॅनिक, म्हणजे कवळ्या आणि दातांची इतर उपकरणे बनवणारा व दुरुस्त करणारा कारागीर. तिघांनीही ठरलेले शिक्षण घ्यायचे आणि राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी करायची, अशी ही व्यवस्था. त्या काळी पदवीधर दंतवैद्य थोडेच होते. म्हणून पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणाऱ्या लोकांसाठीही नोंदवहीचा एक वेगळा भाग ठेवला गेला. ती सवलत त्या पिढीपुरती होती. वडिलांची खुर्ची आणि पक्कड मुलाकडे येऊ शकते, नोंदणी येत नाही, हे आजही सांगावे लागते.

आजचा दंतवैद्य म्हणजे बीडीएस झालेली व्यक्ती. चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. कीड काढून दात भरणे, दात काढणे, रूट कॅनाल, कॅप, कवळी, हिरड्यांवरचे प्राथमिक उपचार ही सगळी कामे बीडीएस दंतवैद्य करू शकतो आणि तालुक्याच्या गावी बहुधा तोच ती करतो. ‘नुसता बीडीएस आहे’ असे नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. घराजवळचा चांगला बीडीएस हा त्या कुटुंबाच्या तोंडाचा फॅमिली डॉक्टर असतो. आपल्या हातचे काय आणि पुढे कुणाकडे पाठवायचे काय, हे त्याला कळणे महत्त्वाचे.

पुढे पाठवायचे ते एमडीएसकडे. हे शिक्षण आणखी तीन वर्षांचे आणि त्याच्या शाखा नऊ. दाताच्या आतल्या नसेचे अवघड उपचार करणारा एंडोडॉन्टिस्ट. हिरड्या आणि दाताला धरून ठेवणारे हाड सांभाळणारा पेरिओडॉन्टिस्ट. तारा लावून दात आणि जबड्याची ठेवण सुधारणारा ऑर्थोडॉन्टिस्ट. गेलेल्या दातांच्या जागी कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांटवरचे दात बसवणारा प्रोस्थोडॉन्टिस्ट. मुलांचे दात पाहणारा बालदंतवैद्य. आडवी अडकलेली अक्कलदाढ, मोडलेला जबडा, तोंडातल्या गाठी यांची शस्त्रक्रिया करणारा ओरल सर्जन. तोंडातल्या आजारांचे निदान आणि क्ष-किरण तपासणी करणारा ओरल मेडिसिनचा तज्ज्ञ. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार ओळखणारा ओरल पॅथॉलॉजिस्ट. आणि एका रुग्णाऐवजी साऱ्या गावाच्या दातांचा विचार करणारा सार्वजनिक दंत आरोग्याचा तज्ज्ञ.

ही नऊ नावे पाठ करण्याची गरज नाही. पण एक-दोन गोष्टी माहीत असल्या तर जीव वाचू शकतो. भारतीय पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. गोव्याने २००५ मध्ये गुटख्यावर कायद्याने बंदी घातली, महाराष्ट्राने २०१२ मध्ये. तरी तंबाखू-चुना, खर्रा, मावा आणि घराघरांतली मशेरी चालूच आहे. तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांच्या मधे जाईनाशी झाली, तिखट लागताच आग होऊ लागली, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर हे ‘उष्णतेने तोंड आले’ म्हणून सोडून देण्यासारखे नसते. जवळच्या दंतवैद्याकडे जायचे आणि गरज वाटल्यास त्याने ओरल मेडिसिनच्या तज्ज्ञाकडे किंवा ओरल सर्जनकडे पाठवायचे. ‘माझे दात तर दुखत नाहीत, मग दाताच्या डॉक्टरकडे कशाला?’ हा प्रश्न येतो तो दाताचा डॉक्टर या शब्दामुळेच. दंतवैद्य दातांबरोबर जीभ, गाल, टाळू आणि जबडाही तपासतो, हे लोकांपर्यंत पोहोचलेले नाही.

खुर्चीच्या मागे काम करणारी माणसेही आहेत. कॅप किंवा कवळी दवाखान्यात तयार होत नाही. डॉक्टर माप घेतात. ते जाते लॅबमध्ये. तिथे डेंटल मेकॅनिक, ज्याला आता डेंटल टेक्निशियन म्हणतात, मेणाचा साचा करतो, धातू ओततो, पोर्सिलेनचे थर चढवतो किंवा संगणकावर आराखडा करून झिर्कोनियाचा ठोकळा यंत्रावर कोरून घेतो. शेजारच्या दाताची छटा, वरच्या-खालच्या दाढांची मिळणी, कवळीची हिरडीवरची बैठक हे सगळे डॉक्टरांच्या मापाइतकेच या कारागिराच्या हातावर अवलंबून असते. रुग्णाला त्याचे नावही कळत नाही. या कारागिराने पडद्याआडून पुढे येऊन स्वतःच रुग्णाचे माप घ्यायचे आणि कवळी बसवायची, याला मात्र आपला कायदा परवानगी देत नाही. बाजारात ‘दोन तासांत दात बसवून मिळतील’ अशी पाटी लावणाऱ्यांपैकी अनेकांची सुरुवात अशा लॅबमधल्या उमेदवारीतून झालेली असते. थेट हिरडीवर मसाला थापून ‘कायमचा’ चिकटवलेला दात काही दिवस दिसतो छान. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात.

दवाखान्यातला सहायक हा आणखी एक महत्त्वाचा माणूस. उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, खुर्ची पुसणे, मसाला कालवणे, डॉक्टरांच्या हाती हवे ते हत्यार देणे ही त्याची कामे. ती नीट झाली नाहीत तर एका रुग्णाची कावीळ दुसऱ्याला जाऊ शकते, इतकी ती मोलाची. पण पुष्कळ ठिकाणी हा सहायक कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, बघून बघून शिकलेला असतो. आणि गर्दीच्या वेळी ‘एवढे क्लीनिंग तू करून टाक’ असे सांगून त्याच्याच हाती रुग्ण सोपवण्याचे प्रकारही घडतात. पांढरा कोट घातलेला प्रत्येक माणूस डॉक्टर नसतो. दवाखान्यात कोण कोण आहे हे रुग्णाला माहीत नसते, म्हणून तो विचारतही नाही.

आता त्या तिसऱ्या, जवळपास अदृश्य माणसाकडे वळायला हवे. १९४८ च्या कायद्यात डेंटल हायजिनिस्ट आहे. त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, नोंदणीची तरतूद आहे. पण रस्त्यावरच्या शंभर माणसांना विचारले तर त्यांपैकी कितींनी हायजिनिस्ट पाहिला असेल? मराठीत या व्यवसायाला रुळलेला शब्दसुद्धा नाही, यातच सारे आले.

हा माणूस करतो काय? दातांवर रोज एक चिकट थर बसतो. त्यातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजून कीड सुरू होते. हाच थर हिरडीच्या कडेला साचून कडक झाला की त्याचे किटण होते. ब्रशने, मिठाने, कोळशाने, कडुलिंबाच्या काडीने ते निघत नाही. हत्यारानेच काढावे लागते. ते तसेच राहिले तर हिरडी सुजते, रक्त येते आणि पुढे दाताभोवतीचे हाड झिजते. ‘दात साफ केले की हलतात’ ही समजूत इथूनच आली. दात हाड झिजल्यामुळे आधीच सैल झालेले असतात. किटणाने त्यांना जेमतेम धरून ठेवलेले असते. किटण निघाले की सैलपणा उघडा पडतो आणि दोष येतो साफसफाईवर. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर हे दुखणे दुहेरी असते. साखर जास्त असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

याला तोंड द्यायला इम्प्लांटचे यंत्र लागत नाही. वेळेवर किटण काढणारा हात आणि समोर बसून ब्रश कसा धरायचा ते दाखवणारा, तंबाखू कधी सुरू झाली ते विचारणारा, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणारा माणूस लागतो. दिवसाला तीस रुग्ण पाहणाऱ्या दंतवैद्याला एवढी सवड नसते. आणि खरे बोलायचे तर त्याच्या दवाखान्याचे भाडे, हप्ते आणि पगार निघतात ते रूट कॅनाल आणि कॅपमधून. दहा मिनिटे ब्रश शिकवण्याचे पैसे कोणी देत नाही. हायजिनिस्टचे मात्र तेच काम आहे.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट इथे डॉ. आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यांनी १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या सहायक महिलेला दात साफ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी असा वर्गच सुरू केला आणि तिथे शिकलेल्या महिला शाळांमधून मुलांचे दात साफ करू लागल्या, त्यांना शिकवू लागल्या. न्यूझीलंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या वेळी सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्या तरुणांचे दात इतके खराब निघाले की सरकार हादरले. तिथे १९२१ मध्ये दोन वर्षांच्या शिक्षणाने तयार होणाऱ्या शालेय दंत परिचारिकांची योजना सुरू झाली. मुलांना ते दवाखाने आवडत नसत. त्यांना ‘खुनाचे घर’ असे टोपणनाव पडले होते. तरी दंतवैद्य नसलेला, पण नीट शिकलेला माणूस शाळकरी मुलांचे दात सांभाळू शकतो, हे त्या योजनेने दाखवून दिले. ब्रिटनमध्ये २०१३ पासून हायजिनिस्टकडे रुग्ण दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट जाऊ शकतो.

आपल्याकडे हे का झाले नाही? एक उत्तर असे दिले जाते की, देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, दरवर्षी हजारो बीडीएस बाहेर पडतात; त्यांनाच काम नाही, तर हायजिनिस्ट हवा कशाला? नवा पदवीधर थोड्या पगारावर किटण काढून देतोच आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण ते शहरापुरते. पुण्या-मुंबईत एका गल्लीत चार दवाखाने आहेत म्हणून गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या मुलाला दंतवैद्य भेटत नाही. तिथे खासगी दवाखाना चालत नाही आणि पाच वर्षे शिकून, मोठी फी भरून बाहेर पडलेल्या डॉक्टरने तिथे जाऊन फक्त किटण काढावे, ही अपेक्षाही रास्त नाही. उपचार करायला शिकलेल्या माणसाला प्रतिबंधाच्या कामाला लावणे हा त्याच्या शिक्षणाचाही अपव्यय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. आज हायजिनिस्ट म्हणून नोंदवलेला माणूस उद्या पाटी लावून दात काढू लागेल. भोंदूंमध्ये आणखी भर पडेल. ही भीती निराधार नाही. पण भोंदू वाढतात ते पोकळीत. शिकलेला, नोंदणी असलेला, सरकारी पगारावर ठरलेल्या मर्यादेत काम करणारा माणूस गावात असला तर पक्कडवाल्याकडे जाणाऱ्यांची संख्या कमीच होईल. परिचारिका आणि आशा सेविका यांच्याबद्दलही कधी काळी अशाच शंका काढल्या गेल्या होत्या. आज त्यांच्याशिवाय आरोग्य केंद्र चालत नाही.

चौकट नव्याने उभारण्याची गरजही नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात दंतवैद्याबरोबर हायजिनिस्ट आणि सहायक यांचा विचार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करतात आणि त्यात दातांची कीडही पाहतात. अडते ते त्यानंतर. ‘दात किडले आहेत, दवाखान्यात न्या’ अशी चिठ्ठी मुलाच्या दप्तरात जाते आणि बहुधा दप्तरातच राहते. चिठ्ठीनंतर महिन्याभरात त्या शाळेत येऊन बसणारा हायजिनिस्ट दोन-तीन आरोग्य केंद्रे मिळून एक जरी नेमला, तरी हे चित्र बदलू लागेल. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी कुठलाही दात पडत नाही. म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात, आणि आयुष्यभर चावायची ती दाढ आठव्या-नवव्या वर्षी किडून बसते. एवढी एक गोष्ट पालकांच्या सभेत सांगणारा माणूसही पुष्कळ काम करून जाईल. यवतमाळ-चंद्रपूरसारख्या भागांत, जिथे भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर डाग पडतात, तिथे सल्ला वेगळा द्यावा लागेल. त्यासाठीही त्या भागातलाच शिकलेला माणूस हवा.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. १९४८ च्या व्यवस्थेची जागा नव्या आयोगाने घ्यावी, असा त्याचा हेतू. महाविद्यालयांतल्या जागा, परीक्षा आणि फी यांभोवतीच आयोगाचे कामकाज फिरत राहिले तर पाट्या बदलतील, तोंडे तशीच राहतील. हायजिनिस्टच्या शिक्षणाच्या जागा, त्याच्या कामाच्या मर्यादा आणि सरकारी सेवेत त्याची पदे या तीन गोष्टींवर आयोग आणि राज्य सरकारांनी काय केले, यावरून त्यांना जोखायला हवे. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यातले बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा संस्था या कामाला लागल्या, तर शिकवायला शिक्षक आणि सरावाला रुग्ण यांची वाण पडणार नाही.

तोवर रुग्णाच्या हाती काय आहे? विचारणे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कोणता? आजचे काम ते स्वतः करणार की बाहेरून येणारे तज्ज्ञ? अनेक लहान दवाखान्यांत आठवड्यातून एकदा तज्ज्ञ येतात आणि तारा किंवा अवघड रूट कॅनाल तेच करतात. त्यात गैर काहीच नाही, फक्त त्यांचे नाव रुग्णाला माहीत असावे. पुढे त्रास झाला तर कुणाला गाठायचे ते कळते. कॅप कशाची आहे, तिच्यासोबत लॅबचे हमीपत्र मिळते का? दात कोण साफ करणार आणि त्याचे शिक्षण काय? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगला दंतवैद्य ते ऐकून चिडत नाही, उलट खूश होतो. दवाखान्यांनीही प्रत्येकाचे नाव, शिक्षण आणि काम लिहिलेला फलक दर्शनी भागात लावला तर निम्मे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबाला दोष द्यायला वापरतो. मात्र दात जातात त्यात नशिबाचा भाग थोडाच असतो. बहुतेक वेळा कीड आणि किटण वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस पडलेले नसतात. सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडात या वर्षी आलेली दाढ तिला साठ वर्षे पुरायला हवी. ती दुखू लागल्यावर पाहायला गावात कुणीतरी असते, निदान पक्कडवाला तरी. दुखण्याआधी पाहणारा माणूस नेमण्याची तरतूद कायद्यात १९४८ पासून आहे. नेमणूक तेवढी व्हायची आहे.